रोहिणीतली रोहिणी

मेची पंचवीस तारीख उलटली की यवतमाळात दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. दुकानांची शटरं अर्धी खाली येतात, कूलरमध्ये ओतलेलं पाणी बघता बघता आटतं, आणि घरातली माणसं भिंतीच्या गार बाजूला सरकून आडवी होतात. मॉडेल करायच्या कामाला हीच वेळ चांगली. कोणी येणार नाही, कुठे जायचं नाही. एक टेबल रिकामं करून खिडकीपाशी ओढा आणि बसा. तळहाताला घाम असेल तर टॉवेलला पुसा, कारण पुढे कागदाला हात लावायचा आहे. कटर नको, पट्टी नको, गोंद तर नकोच. आजच्या दुपारला एक चित्र पुरे.

चित्र एका जुन्या ग्लायडरचं आहे. इंजिन नसलेलं, लाकडाचं आणि कापडाचं विमान. वरच्या अंगाला बसवलेले लांब पंख, पुढे दोघांनी शेजारी शेजारी बसायची जागा, मागे निमुळती होत गेलेली शेपटी. दिल्लीच्या नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्रात एस. रामामृतम यांनी ते आखलं आणि १० मे १९६१ रोजी ते पहिल्यांदा उडालं. पुढे त्या केंद्राबरोबर हिंदुस्तान एरोनॉटिक्सने आणि कलकत्त्याच्या एका कंपनीनेही ते बांधलं. एकंदर शंभरावर झाली. शिकाऊ वैमानिकांसाठीच ते होतं, म्हणून तर शेजारची जागा. मागे बसून शिकवणाऱ्याला शिकणाऱ्याची मान तेवढी दिसते, आणि भीती मानेवर क्वचितच उमटते.

त्याचं नाव रोहिणी.

हे नाव एकदा मनाशी म्हणा आणि बाहेर बघा. आज कोणतं नक्षत्र चालू आहे? पंचांग उघडायची गरज नाही, आपल्याकडे पानटपरीवरही सांगतील. सूर्य रोहिणीत आहे. अजून पंधरा दिवसांनी मृग, त्यानंतर पंधरा दिवसांनी आर्द्रा. त्या केंद्राने आपल्या ग्लायडरांना नक्षत्रांचीच नावं दिली. अश्विनी १९५८ साली उडालं. मग भरणी, कृत्तिकेच्या जागी कार्तिक, रोहिणी, १९७० साली मृगशीर, १९७९ साली आर्द्रा. दिल्लीतल्या त्या इंजिनीअर मंडळींच्या मनात आकाशाची यादी असेल. आपल्याकडे ती यादी पेरणीची आहे. रोहिणीत धूळपेरणी करावी की नाही, यावर जिल्ह्यातल्या प्रत्येक पारावर दरवर्षी तोच वाद होतो: कोरड्या मातीत सरकी टाकली आणि मृग वेळेवर आला तर पऱ्हाटी पुढे निघते, नाही आला तर बियाण्याचे पैसे मातीत. पंचांगवाले नक्षत्राला वाहनही देतात, बेडूक, म्हैस, हत्ती असं काहीतरी, आणि त्यावरून पाऊस किती ते ठरवतात. त्या यादीत ग्लायडर अजून कोणी घातलेलं नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. रोहिणी नक्षत्र लागलं की रोहिणीची चांदणी दिसेनाशी होते. सूर्य तिच्याच अंगणात उभा असतो. ती दिवसा उगवते, दिवसाच मावळते, आणि रात्री आपण गच्चीवर गाद्या टाकून पडतो तेव्हा ती जागेवर नसते. ही लालसर चांदणी आपल्यापासून सुमारे पासष्ट प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे रोहिणी ग्लायडर पहिल्यांदा हवेत गेलं त्या सुमाराला तिथून निघालेला उजेड सध्या कुठे आपल्यापर्यंत पोचतो आहे, आणि तोही नेमका या पंधरवड्यात डोळ्यांना लागत नाही.

समोर नसलेल्या वस्तूकडे बघण्याचा सराव म्हणून हे दिवस बरे आहेत. तुमच्या टेबलावर ग्लायडर नाही. चित्र आहे.

*

आता चित्राकडे बघा, पण सगळ्याकडे एकदम नको. डोळा नाकाच्या टोकावर ठेवा आणि मुंगीच्या चालीने मागे न्या. नाक गोल आहे की थोडं चपटं? बसायच्या जागेची कड कुठे सुरू होते? पंखाची पुढची कड त्या कडेच्या किती पुढे? इथे शब्दांत उत्तर द्यायची घाई होते. देऊ नका. बोटाने चित्रावरून रेघ फिरवा. बोटाला जे कळतं ते डोळ्याला उशिरा कळतं, निदान माझ्या बाबतीत.

फोटोत एकच बाजू दिसते. डावी दिसली तर उजवी झाकलेली. पोट जमिनीकडे, पाठ आकाशाकडे. मॉडेल करणाऱ्याचा अर्धा जन्म या न दिसणाऱ्या बाजूला काय असेल याच्या विचारात जातो. तीन बाजूंचा आराखडा मिळाला तर देव पावला असं वाटतं. पण आराखडा म्हणजे कारखान्याने ठरवलेलं ग्लायडर. प्रत्यक्षात उडालेलं नव्हे. लाकडी विमान हाताने बांधतात. एका सुताराचा रंधा दुसऱ्यापेक्षा केसभर खोल जातो, एखादी फासळी ओलसर दिवसात चिकटवलेली असते. मग ते हडपसरसारख्या केंद्रावर उडतं, एखाद्या दिवशी धाडकन उतरतं, कोणीतरी पोटाला ठिगळ लावतं, शेपटीवर नव्याने रंग देतं. शंभर रोहिण्या झाल्या, म्हणजे शंभर वेगवेगळ्या रोहिण्या झाल्या.

म्हणून पहिला निर्णय इथेच करा. तुम्ही रोहिणी जातीचं ग्लायडर करणार नाही. तुम्ही एक ग्लायडर करणार: शेपटीजवळ 'व्हीटी' या अक्षरांनी सुरू होणारी नोंदणीची खूण असलेलं, एका ठरावीक दुपारी एका ठरावीक मैदानावर उभं असलेलं. त्या दुपारी त्याच्या चाकाला माती होती का? असेल. पंखाखाली कोणी सावलीला बसलं होतं का? मुलं असतातच. हे सगळं मॉडेलमध्ये येणार नाही, पण मनात असू द्या. मनात असलं की फासळी कापताना हात वेगळा चालतो.

*

दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, पट्टी घ्या.

रोहिणीच्या पंखांचा पसारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेसोळा मीटर. एवढी लांबी डोळ्यांसमोर आणायची असेल तर अंगणात जाऊन बावीस-तेवीस पावलं चाला. बहुतेकांचं अंगण तिसऱ्याच भागात संपेल. उरलेली पावलं शेजाऱ्याच्या अंगणातून, कुंपणापलीकडून, रस्त्यावर. तेवढ्या लांबीचं लाकूड आणि कापड, आणि आत बसलेली दोन माणसं, एकूण वजन पाचशे किलोच्या घरात. पाच क्विंटल. कापसाच्या हिशेबात बोलायचं तर कोरडवाहू एकराचं बरं पीक.

याचा दहावा हिस्सा करू. साडेसोळा मीटरचे झाले एकशे पासष्ट सेंटीमीटर, म्हणजे साधारण तुमच्याएवढं. दोन्ही हात पसरून उभे राहा. हाताच्या बोटांपासून बोटांपर्यंत जे अंतर, तेवढं मॉडेल. सव्वा मीटर रुंदीचा पंख साडेबारा सेंटीमीटरचा होईल, वहीच्या पानापेक्षाही अरुंद.

आता इथे थोडं थांबायचं आहे, कारण हिशेब इथे वळण घेतो. लांबी दहावा हिस्सा झाली. पंखाचं क्षेत्रफळ लांबी गुणिले रुंदी, ते शंभरावा हिस्सा झालं. आणि वजन? त्यात जाडीही आली, म्हणून हजारावा हिस्सा. पाचशे किलोचे पाचशे ग्रॅम. पंखाच्या प्रत्येक वितीला जेवढं ओझं मूळच्या ग्लायडरमध्ये उचलावं लागत होतं, त्याचा दहावाच भाग आता उचलायचा आहे. म्हणून ते सावकाश उडू शकतं. वेग दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे तीनपटीहून थोडा जास्त, कमी होतो. मोठं ग्लायडर ताशी पासष्ट किलोमीटरने जातं असं धरलं, तर हे वीसने जाईल. सायकलवरून घाईत शाळेला निघालेल्या पोराचा वेग.

हा हिशेब पहिल्यांदा सोडवला तेव्हा मला उगाचच श्रीमंत झाल्यासारखं वाटलं होतं. सगळं आपोआप सोपं होत जातं! मग एक गोष्ट लक्षात आली आणि पेन्सिल खाली ठेवावी लागली.

हवा लहान होत नाही.

लाकूड तुम्ही दहावा हिस्सा कापलं, कापड कापलं, वजन उतरवलं. पण खिडकीबाहेर जी हवा आहे ती तेवढीच, तशीच. तिचा दहावा हिस्सा करायला कोणाकडे कटर नाही. साडेबारा सेंटीमीटरच्या पंखाला, सायकलच्या वेगात, तीच हवा मूळच्या पंखापेक्षा तीसेक पट चिकट लागते. डास उडतो तेव्हा त्याला हवा पाकासारखी लागत असणार. मोठ्या पंखावरून जी हवा सुरळीत मागे सरकते ती लहान पंखावर आळसावते, पृष्ठभाग सोडून सुटते, आणि पंख अचानक धरेनासा होतो.

म्हणून मॉडेल करणारा माणूस एके ठिकाणी खोटेपणा करतो. पंखाचा छेद तंतोतंत मूळचा ठेवत नाही, थोडा पातळ करतो. शेपटी दहाव्या हिश्शापेक्षा किंचित मोठी करतो, म्हणजे ते डोलेल कमी. पंखाची टोकं अगदी थोडी खाली पिळतो, म्हणजे हवा सुटलीच तर आधी मुळाशी सुटेल आणि टोकं धरून राहतील. सगळं तंतोतंत हवं असेल तर ते काचेच्या कपाटात ठेवायचं. तेही काम मोठं आहे, त्याला कमी लेखू नये. पण उडवायचं असेल तर हवेचा मान ठेवावा लागतो, आणि तिथे मूळ वस्तूशी थोडी प्रतारणा होते. किती करायची हे ज्याचं त्याने ठरवावं. मी शेपटी एक अष्टमांश वाढवतो आणि त्याबद्दल गप्प राहतो.

*

हे आपल्याला नवीन नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो तेव्हा विदर्भातली पोरं लाकडी बैल घेऊन निघतात. चाकं लावलेले, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. त्या बैलांकडे कधी पट्टी घेऊन बघितलंय? वशिंड नेहमी हवं त्यापेक्षा मोठं असतं. पाय आखूड आणि जाड. शिंगं तर कुठल्याच जिवंत बैलाला पेलणार नाहीत अशी. तरी कोणतंही पोर त्याला बैल नाही असं म्हणत नाही. सुताराला माहीत असतं की लहान बैलात बैलपण वशिंडात साठवावं लागतं. पाय बारीक केले तर पहिल्याच दगडावर मोडतील.

तुमच्या घरात माळ्यावर असा बैल असेल. तो खाली काढा आणि टेबलावर ठेवा. रोहिणी होईपर्यंत तो तिथे असू द्या.

*

लाकडाचं बघू. मॉडेलवाले बाल्सा वापरतात. दक्षिण अमेरिकेतलं, इक्वाडोरकडून येणारं, हाताला थर्माकोलसारखं हलकं लाकूड. त्याची पाकिटं मागवता येतात. पण आपण सागाच्या जिल्ह्यात बसलो आहोत. पांढरकवड्याकडे, टिपेश्वरच्या जंगलात, या दिवसांत साग निष्पर्ण उभे असतात आणि खाली पानांचा असा खच पडलेला असतो की ससा चालला तरी माणूस चालल्यासारखं वाजतं. साग हातात घ्या. जड, तेलकट, सरळ रेघांचा. खुर्चीला, दाराला, बैलगाडीच्या साट्याला उत्तम. त्याचा पंख केला तर आपला पाचशे ग्रॅमचा हिशेब कण्यातच संपेल.

दुसरी लाकडं आठवा. सावर. पांगारा. सालई. ही झाडं शेतकऱ्याच्या तोंडी लाकूड म्हणून फारशी येत नाहीत, कारण त्यांचं घर बांधता येत नाही. हलकी, मऊ, लवकर किडणारी. आणि लहानपणी ज्वारीच्या धांड्याच्या आपण गाड्या करायचो ते? वरची साल सोलली की आतला पांढरा गाभा निघायचा. तो दाबला की दबायचा, सालीचा तुकडा खुपसला की धरून ठेवायचा. बैल, गाडी, चाकं, सगळं तेवढ्याच्या जोरावर. तो गाभा बाल्सापेक्षा फार वेगळा नाही. आमच्यातल्या कोणीही त्याला मॉडेलचं साहित्य म्हटलं नव्हतं, आणि गाडी झाली की संध्याकाळी तीच म्हशीच्या पुढ्यात जायची.

तर पंखाचा कणा बांबूच्या कामटीचा करा. बांबू ताणाला चिवट आहे आणि तो कुठेही मिळतो. फासळ्या बाल्साच्या. पुढच्या कडेला पातळ बाल्साचं कवच, कारण जुन्या लाकडी ग्लायडरांत तिथे प्लायवूडची बंद नळीसारखी पेटी असायची. पंख पिळवटू नये म्हणून. एका पंखाला अठरा-वीस फासळ्या लागतील.

फासळ्या कापताना घाई होते. पहिल्या तीन नीट येतात, पुढच्या पाचांत हात सरावतो, आणि नवव्या-दहाव्याला मन दुसरीकडे जातं. तिथे कटर ठेवा. पाणी प्या. माठातलं. परत बसा आणि दहाव्या फासळीकडे बघा, जणू तीच पहिली. पंख सगळ्यात कमजोर फासळीपाशी मोडतो, आणि ती नेहमी मधली असते, लक्ष उडालेल्या दुपारची.

*

इथे मी एक गोष्ट सांगणार आहे. ती टाळून या जिल्ह्यात विमानाबद्दल लिहिणं मला जमत नाही.

महागाव तालुक्यात फुलसावंगी आहे. तिथला चोवीस वर्षांचा एक तरुण, आठवीपर्यंत शिकलेला, पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम करणारा. त्याने इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून, मारुतीचं इंजिन बसवून, दोनेक वर्षं खपून एकट्याने बसायचं हेलिकॉप्टर बांधलं. गावात त्याचं कौतुक होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये, स्वातंत्र्यदिनाला थोडेच दिवस असताना, रात्री चाचणी चालू होती. मागच्या पंख्याचं पातं तुटलं. तो वाचला नाही.

त्या वेळी लोक दोन प्रकारे बोलले. काही म्हणाले, केवढी बुद्धी वाया गेली. काही म्हणाले, कशाला हा उपद्व्याप. मला दोन्हींतलं काहीच म्हणवलं नाही. बर्लिनच्या ओटो लिलिएन्थालने सहा वर्षांत दोन हजारांच्या आसपास ग्लायडर-उड्या मारल्या, करकोच्यांसारख्या मोठ्या पक्ष्यांच्या पंखांची वर्षानुवर्षं मोजमापं घेतली, त्यावर पुस्तक लिहिलं, आणि ऑगस्ट १८९६ मध्ये तोही पडून गेला. त्याला सगळं जग पूर्वज मानतं. फुलसावंगीच्या पोराला मोजायला कोणी शिकवलं असतं तर, असं मनात येतं आणि पुढे वाक्य सरकत नाही.

या जागी काही करू नका. कटर बाजूला असेल तर बाजूलाच राहू द्या. टेबलावरचा अर्धा पंख बघा. तो पडला तर एक फासळी जाईल. दोन जातील. उद्या दुपारी तुम्ही परत बसाल.

*

कापडाची वेळ आली की मला बरं वाटतं, कारण इथून पुढचं काम आपल्या मातीतलं आहे.

जुन्या ग्लायडरांवर सुती कापड ताणून बसवत आणि त्यावर डोप नावाचं पातळ लाखेसारखं द्रव्य हातावर हात चढवत. डोप सुकताना आकसतो आणि कापड नगाऱ्याच्या कातड्यासारखं ताठ होतं. या डोपचा पाया सेल्युलोज आहे, आणि सेल्युलोज पुष्कळदा आलं ते सरकीवरच्या आखूड तंतूंतून. जिनिंगमध्ये रुई निघून गेली तरी सरकीच्या अंगावर बारीक लव उरते. कापड विणायला ती उपयोगाची नाही, इतकी आखूड. तीच लव रसायनात विरघळवून डोप होतो, फिल्म होते, लाख होते. म्हणजे पंखावरचं कापडही कापूस आणि त्याला ताणणारा लेपही कापूसच. वणीच्या किंवा घाटंजीच्या जिनिंगपाशी दिवाळीनंतर उभ्या राहणाऱ्या गाड्यांची रांग आठवा. त्यातल्या कुठल्या बोंडातलं काय कुठे गेलं याचा हिशेब कोणीच ठेवत नाही. शेतकऱ्याला भाव मिळतो तो क्विंटलचा.

मॉडेलला सुती कापड जाड होईल. पातळ टिश्यू कागद घ्या किंवा जुन्या रेशमी ओढणीचा तुकडा. खिडक्या उघडा, कारण डोपचा वास केळ्यासारखा गोड असला तरी डोक्यात चढतो, आणि तो पेटही लवकर घेतो; उदबत्ती विझवून टाका. पहिला हात पातळ. कागद आधी ढिला पडेल, सुरकुत्या येतील, सगळं बिघडलं असं वाटेल. हात लावू नका. बसून बघा. रोहिणीतल्या कोरड्या हवेत दहा मिनिटांत त्या सुरकुत्या एकेक करून नाहीशा होतात. कोणी मागून ओढल्यासारख्या. बोटाने टिचकी मारा, टुण्ण वाजेल.

उजेडासमोर पंख धरा. आतल्या सगळ्या फासळ्या सावल्यांसारख्या दिसतील. दहावीसुद्धा.

*

जोडणी झाली की तोल. पंखाच्या रुंदीचा पुढून साधारण तिसरा भाग, तिथे दोन्ही बाजूंनी बोटं लावून ग्लायडर उचला. शेपटी खाली जाईल, नेहमीच जाते. नाकात शिसं घाला. एक मणी, दुसरा, तिसरा. नाक हळूच खाली कलेल आणि मग सगळं आडवं, स्थिर. तराजूवाले सोनार या क्षणी श्वास रोखतात. तुम्ही रोखू नका, हात हलतो.

आता हे तुमच्या बोटांवर आहे: पाचशे-साडेपाचशे ग्रॅम, दोन हात पसरल्याएवढं. यासारखं काय पाहिलंय? वर बघा. घार. तिच्या पंखांचा पसारा दीड मीटरच्या आसपास, वजन पाऊण किलोच्या आसपास. साडेसोळा मीटरचं ग्लायडर दहाने भागत भागत आपण नेमके घारीपाशी येऊन थांबलो आहोत. मुद्दाम ठरवलं नव्हतं. घारीलाही हवा लहान करून मिळालेली नाही, तिने पंख हवेच्या हिशेबाने केले. पूर्वी तिच्याबरोबर गिधाडंही असायची, मेलेल्या जनावरावर उतरणारी. गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅकने ती जवळपास संपली. २००६ साली ते औषध गुरांसाठी बंद झालं, पण वरची जागा अजून मोकळीच दिसते.

दुपारी दोनच्या सुमाराला नांगरून ठेवलेल्या काळ्या वावराकडे बघा. काळी माती तापते, तिच्यावरची हवा तापते, हलकी होते आणि एका जागी सुटून वर निघते. खाली तिची वावटळ दिसते, पाचोळा घेऊन फिरणारी. वर ती दिसत नाही. तिथे घार गोल फिरते, एकदाही पंख न हलवता, आणि प्रत्येक फेरीला थोडी वर असते. रोहिणी ग्लायडरमधले शिकाऊ वैमानिक हेच करायला शिकत. खाली विंच, म्हणजे इंजिनावर चालणारा मोठा रहाट, तारेने ओढून पतंगासारखं वर चढवणार. तार सुटली की आत एकदम शांत. मग पुढच्या दर मीटरला खाली यायचंच आहे, विसेक मीटर पुढे जाऊन एक मीटर खाली. वर जायचं तर असं तापलेलं वावर शोधायचं आणि त्यावर घिरट्या घालायच्या. चांगल्या वैमानिकाला घारी बघायची सवय असते.

*

पहिली चाचणी पहाटे. तेव्हा हवा निजलेली असते. मी जातो ते वावर शेजारच्या काकाजींचं आहे, वखरून मऊ केलेलं, धूळपेरणीला तयार. विचारून जावं. ते बांधावर दात घासत उभे होते.

"हे उडते का?"

"उडते काकाजी, थोडंसंच."

ग्लायडर खांद्याच्या उंचीला धरा. नाक क्षितिजाच्या अगदी किंचित खाली. वारा नसेल तरी वाऱ्याकडे तोंड करा, गालाला कळेल. फेकायचं नाही. भाला फेकतात तसं तर मुळीच नाही. चार पावलं चाला, सायकलच्या वेगाला येईपर्यंत पळा, आणि हात उघडा. हात उघडणं एवढंच काम आहे. त्याला माझी दोन वर्षं गेली.

पहिल्या खेपेला ते नाक वर करून थबकलं आणि खाली बसलं. पाच पावलं. नाकात आणखी एक मणी. दुसऱ्या खेपेला डावीकडे कललं, आठ पावलं. शेपटीची कड केसभर वळवली. तिसऱ्या खेपेला ते गेलं. आवाज नाही, घाई नाही, काळ्या मातीवरून सावली एवढी जवळून की दोन ग्लायडरं जातायत असं वाटलं. बावीस पावलं मोजली. अंगणात चाललो होतो तेवढीच.

काकाजी बांधावरून तोंड धुऊन आले. त्यांनी वाकून नाकाला लागलेली माती बोटाने काढली, पंखावर टिचकी मारली, आवाज ऐकला, मग मान वर करून पश्चिमेकडे बघितलं. ढगाचं नाव नव्हतं.

"मंग याले आणखी वर पाठोव ना," ते म्हणाले, "अन् पाह्यून ये म्हना पानी कुठवर आलं ते."